यशाची व्याख्याने आणि अपयशाचा हिशेब

एकाच धंद्यातील माणसे एकत्र आली, मग ती करमणुकीसाठी का असेनात, की त्यांच्या बोलण्याचा शेवट बहुधा ग्राहकांविरुद्धच्या कटात किंवा भाव चढविण्याच्या एखाद्या युक्तीत होतो, अशा आशयाचे निरीक्षण ॲडम स्मिथने १७७६ साली नोंदवून ठेवले आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे निरीक्षण पहिल्या-दुसऱ्या वर्षातच भेटते आणि पुढे बाजारात वावरताना त्याची प्रचीती वरचेवर येत राहते. या पार्श्वभूमीवर संगणकावरील व मोबाईलवरील खेळ तयार करणाऱ्यांच्या परिषदा हा विचार करण्याजोगा अपवाद म्हणावा लागेल. येथे परस्परांशी स्पर्धा करणारी माणसे हजारोंच्या संख्येने जमतात आणि आपण खेळ कसा रचला, त्याला खर्च किती आला, खेळणारे कोणत्या टप्प्यावर कंटाळून निघून गेले, ही हकिगत व्यासपीठावरून प्रतिस्पर्ध्यांनाच सांगतात. गिरणीमालकाने आपल्या मागाचे रहस्य शेजारच्या गिरणीमालकाला सांगावे, तसाच हा प्रकार. तो घडतो कसा, आणि ऐकणाऱ्याच्या पदरात त्यातून नेमके काय पडते, हा प्रश्न केवळ त्या धंद्यापुरता उरलेला नाही. महाराष्ट्रातील गावोगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारे अनेक तरुण ही व्याख्याने ऐकून आपल्या आयुष्याची दोन-चार वर्षे या धंद्यात गुंतविण्याचा विचार करीत आहेत. म्हणून या व्याख्यानांचे मोल तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या परिषदांतील सर्वांत जुनी व सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अमेरिकेतील ‘गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स’. १९८८ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे ख्रिस क्रॉफर्ड या खेळरचनाकाराच्या घरच्या दिवाणखान्यात पंचवीस-सत्तावीस समव्यावसायिक जमले आणि ही परिषद जन्माला आली. त्याच वर्षीची दुसरी बैठक हॉटेलात भरवावी लागली. आता ती सान फ्रान्सिस्कोतील विस्तीर्ण सभागृहांत भरते. ज्याच्या घरी परिषद जन्मली त्या क्रॉफर्डने पुढे १९९३ साली याच व्यासपीठावरून भाषण करून धंद्याचा निरोप घेतला. खेळ ही माणसाच्या मनाला भिडणारी कला व्हावी, हे त्याचे स्वप्न होते आणि बाजार भलत्याच दिशेने चालला आहे, हे त्याचे गाऱ्हाणे होते. स्वप्नातल्या ड्रॅगनवर चालून जावे तशी तलवार उगारून तो सभागृहातून धावत बाहेर पडला. या नाट्याला हसता येईल. परंतु धंद्यातील माणसाने धंद्याविषयी जाहीरपणे कटू बोलावे आणि सहव्यावसायिकांनी ते ऐकून घ्यावे, ही प्रथा या परिषदेत आरंभापासून होती, हे त्यातून ध्यानात येते.

ज्ञान वाटण्याचे अर्थशास्त्र

प्रतिस्पर्ध्याला ज्ञान वाटण्यात परोपकारबुद्धी असतेच. पण तेवढ्यानेच इतक्या परिषदा वर्षानुवर्षे चालल्या नसत्या. ज्ञान ही वस्तू अशी आहे की ती दुसऱ्याला दिल्याने देणाऱ्याची कमी होत नाही. आल्फ्रेड मार्शलने १८९० साली औद्योगिक केंद्रांचे विवेचन करताना म्हटले होते की, एका ठिकाणी एकच व्यवसाय दीर्घकाळ चालला की त्याची गुपिते गुपिते राहत नाहीत, ती जणू तेथील हवेतच पसरतात आणि मुलेसुद्धा ती नकळत शिकतात. इचलकरंजीच्या यंत्रमागांविषयी किंवा कोल्हापूरच्या चप्पल कारागिरांविषयी हे विधान आपल्याकडे सहज पटते. संगणकाच्या धंद्याला असे एक गाव नाही; त्याचे कारागीर जगभर विखुरलेले आहेत. वर्षातून आठवडाभर का होईना, ते गाव उभे करण्याचे काम परिषद करते.

याखेरीज रोकडा स्वार्थही आहे. व्याख्यात्याला नाव मिळते. त्या नावावर नोकरी, भागीदार किंवा भांडवल मिळते. कंपनीला हुशार माणसे हेरता येतात. खेळ बांधण्याची साधने विकणाऱ्यांना गिऱ्हाईक सापडते. यात गैर काही नाही. मात्र ज्याला काही विकावयाचे आहे त्याचे व्याख्यान आणि ज्याला काही सांगावयाचे आहे त्याचे व्याख्यान, यांतील भेद श्रोत्याने ओळखला पाहिजे.

ज्ञान उघडे ठेवण्याची किंमतही मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही. ‘थ्रीज’ हा आकडे सरकवून जुळविण्याचा छोटा खेळ फेब्रुवारी २०१४ मध्ये दोन डॉलर किमतीला विक्रीस आला. दोघा-तिघांनी जवळजवळ चौदा महिने खपून, शेकडो कल्पना टाकून देऊन, तो इतका साधा केला होता. पाठोपाठ त्याच्या नकला निघाल्या आणि त्या नकलांच्या धर्तीवर इटलीतील एका तरुणाने आठवड्याच्या सुट्टीत लिहिलेला ‘२०४८’ हा मोफत खेळ मार्चमध्ये जगभर पसरला. अनेकांच्या लेखी तोच मूळ खेळ ठरला. ‘थ्रीज’च्या कर्त्यांनी यावर केलेला उपाय बोलका आहे. चौदा महिन्यांतील आपापसांतला पत्रव्यवहार त्यांनी प्रसिद्धच करून टाकला. साधेपणामागे किती श्रम असतात, हे लोकांना कळावे, एवढाच त्यामागील हेतू होता. खेळाची नक्कल करता येते. तो शोधून काढताना लागलेल्या चौदा महिन्यांची करता येत नाही.

अडत्यांचा बाजार

मोबाईलवरील खेळांचा बाजार कसा चालतो, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याविषयीच्या व्याख्यानांची पारख करता येणार नाही. ॲपल कंपनीने आपले विक्रीकेंद्र, म्हणजे ‘ॲप स्टोअर’, जुलै २००८ मध्ये उघडले तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप होती. कोणीही आपला माल तेथे मांडावा, विक्रीच्या रकमेतील ३० टक्के ॲपलने ठेवावेत आणि ७० टक्के कर्त्याला द्यावेत, असा करार होता. गूगलनेही पुढे हाच दर स्वीकारला. बाजार समितीच्या आवारातील अडत्याशी या व्यवस्थेचे साम्य उघड आहे. फरक इतकाच की येथे आवारही अडत्याच्या मालकीचे आणि नियमही त्याचेच. २०२१ पासून छोट्या कर्त्यांसाठी ही अडत १५ टक्क्यांवर आणण्यात आली, तीही जगभर न्यायालयांतून व नियामकांपुढे ओरड झाल्यानंतर.

आरंभीच्या दिवसांत या बाजाराने चमत्कार दाखविले. बँकेत नोकरी करणाऱ्या एका अमेरिकन तरुणाने फावल्या वेळात लिहिलेल्या ‘ट्रिझम’ या खेळाने २००८ मध्ये दोन महिन्यांत अडीच लाख डॉलर मिळवून दिले, ही वार्ता तेव्हा सर्वत्र छापून आली. चमत्काराची वार्ता पसरली की गर्दी होते आणि गर्दी झाली की भाव पडतो. पाच डॉलरचा खेळ एक डॉलरवर आला आणि एक डॉलरचा फुकट झाला. २००९ च्या अखेरीस मोफत ॲपमधूनही खेळाच्या आत वस्तू विकण्याची मुभा ॲपलने दिली आणि धंद्याचा पायाच बदलला. खेळ फुकट द्यावयाचा, मग आतील नाणी, हत्यारे किंवा संपलेल्या संधी विकावयाच्या, अथवा जाहिराती दाखवून पैसे मिळवावयाचे, ही रीत रूढ झाली.

या रीतीत पैसे देतो कोण, याचे उत्तर एका कंपनीच्या कागदपत्रांतून मिळते. ‘कँडी क्रश सागा’ची निर्माती किंग ही कंपनी २०१४ साली अमेरिकेच्या शेअरबाजारात उतरली तेव्हा कायद्यानुसार तिला आपला हिशेब उघड करावा लागला. महिन्याकाठी तिचे खेळ खेळणारे सुमारे ३० कोटी ४० लाख लोक होते. त्यांतील पैसे देणारे होते अवघे १ कोटी २० लाखांच्या घरात, म्हणजे शंभरात चार. शिवाय २०१३ च्या शेवटच्या तिमाहीतील वसुलीपैकी ७८ टक्के एकट्या ‘कँडी क्रश’ची होती. जगातील एका अत्यंत यशस्वी कंपनीचा डोलारा असा एका खेळावर आणि शंभरातील चौघांवर उभा होता. शेअर विकण्यासाठी कायद्याने भाग पाडले नसते, तर एवढी स्पष्ट कबुली परिषदेच्या व्याख्यानात मिळाली असती काय, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो.

एकाचे यश, अनेकांचे मौन

परिषदेच्या व्यासपीठावर बोलावले जाते ते यशस्वी माणसाला. ज्याचा खेळ चालला नाही त्याच्याकडे प्रवासखर्चाचे पैसे नसतात, सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटत नाही आणि संयोजकांनाही त्याचे नाव ठाऊक नसते. परिणामी श्रोत्यांपुढे येणारा नमुना मुळातच एकांगी असतो. यशस्वी व्याख्याता सांगतो की आपण धीर सोडला नाही, खेळाडूंचे ऐकले, रंगसंगतीवर मेहनत घेतली. हे सारे खरेच असते. परंतु धीर न सोडलेले, खेळाडूंचे ऐकलेले आणि रंगसंगतीवर मेहनत घेतलेले आणखी किती जण बुडाले, याची मोजदाद झाल्याशिवाय त्या गुणांचा यशाशी संबंध सिद्ध होत नाही. सांख्यिकीच्या पहिल्या पाठातील ही गोष्ट टाळ्यांच्या कडकडाटात विसरली जाते.

फिनलंडमधील रोव्हिओ कंपनीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. २००३ साली स्थापन झालेली ही कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली असताना डिसेंबर २००९ मध्ये तिचा ‘अँग्री बर्ड्स’ बाजारात आला आणि जगाने तो डोक्यावर घेतला. हा तिचा ५२ वा खेळ होता, असे सांगितले जाते. चिकाटीचा धडा म्हणून ही कथा व्याख्यानांतून रंगते. अर्थशास्त्राने तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिले पाहिजे: एकावन्न खेळांचा तोटा सोसण्याइतके भांडवल किती जणांजवळ असते, आणि पन्नासाव्या खेळानंतर थांबलेल्या कंपनीची कथा कोण सांगणार?

नशिबाचा वाटा किती मोठा असतो, हे व्हिएतनाममधील ‘फ्लॅपी बर्ड’ने दाखवून दिले. हानोईतील एका तरुणाने केलेला हा खेळ मे २०१३ पासून बाजारात होता. महिनोन्महिने त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१४ च्या आरंभी तोच खेळ एकाएकी अग्रस्थानी पोहोचला आणि जाहिरातींतून दिवसाला ५०,००० डॉलर मिळवू लागला. त्या दडपणाने त्रस्त होऊन फेब्रुवारीत कर्त्याने तो स्वतःच मागे घेतला. खेळ मे महिन्यात होता तसाच होता. या यशाचे शास्त्र कोणत्या व्याख्यानात शिकविणार?

स्मिथने लॉटरीविषयी लिहिताना म्हटले होते की लाभाच्या शक्यतेचा अंदाज माणसे नेहमीच अवाजवी करतात आणि तरुण वयात, व्यवसाय निवडताना, तो मोह सर्वाधिक असतो. ज्या पेशात एकाच्या यशामागे वीसजण अपयशी ठरतात, तेथे त्या एकाला विसांचीही मिळकत मिळावयास हवी, असा हिशेब त्याने वकिलीच्या संदर्भात मांडला आणि प्रत्यक्षात ती तितकी मिळत नाही, हेही दाखविले. शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ साली याला आधुनिक रूप दिले: जेथे एकच वस्तू अत्यल्प खर्चात कोट्यवधींपर्यंत पोहोचविता येते, तेथे किंचित सरस ठरणारा बहुतेक सारे उत्पन्न घेऊन जातो. मोबाईलवरील खेळांचा बाजार हे या सिद्धांताचे आज दिसणारे सर्वांत ठळक उदाहरण आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली; तिच्या विजेत्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येत, न लागलेल्या तिकिटांची येत नसत. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही, कारण तिकीट रुपया-दोन रुपयांचे असे. येथे तिकीट आयुष्यातील दोन-तीन वर्षांचे आहे.

एकूण रकमांचे आकडेही असेच फसवे ठरू शकतात. २००८ पासून आपल्या विक्रीकेंद्रातून कर्त्यांना २०० अब्ज डॉलरहून अधिक मिळाले, असे ॲपलने २०२१ च्या आरंभी जाहीर केले. रकमेत खोट नसेल. पण ती कितीजणांत आणि कशी वाटली गेली, हे कळल्याशिवाय तिच्यावरून सामान्य कर्त्याच्या मिळकतीचा अंदाज करणे म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून शेतमजुराच्या घरची चूल जोखणे होय.

शवविच्छेदनाची परंपरा

या एकांगीपणावर उतारा त्याच धंद्याने शोधला, ही समाधानाची बाब आहे. अमेरिकेत १९९४ ते २०१३ या काळात निघणाऱ्या ‘गेम डेव्हलपर’ मासिकात तयार झालेल्या खेळांची ‘शवविच्छेदने’ छापून येत. काय साधले आणि काय फसले, अशा दोन रकान्यांत कर्त्याने स्वतःच्या कामाचा हिशेब द्यावयाचा, असा दंडक होता. परिषदेतही ही पद्धत रुजली. ‘अपयशाची कार्यशाळा’ या नावाची सत्रे तेथे झाली आणि नामवंत कर्त्यांनी फसलेले प्रयोग मोकळेपणाने मांडले. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीत तर एखादा खेळ अर्ध्यावर बंद करावा लागला की त्यापासून मिळालेल्या धड्याप्रीत्यर्थ शॅम्पेन फोडण्याची प्रथा पडली. अर्थात, एका खेळाचे यश हाती असताना दुसऱ्याच्या अपयशावर शॅम्पेन फोडणे सोपे असते, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

आकड्यांनिशी दिलेला हिशेब किती उपयोगी पडतो, याचा नमुना लंडनच्या अस्टू या कंपनीने घालून दिला. तिचा ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा देखणा खेळ एप्रिल २०१४ मध्ये चार डॉलरला विक्रीस आला आणि जानेवारी २०१५ मध्ये तिने सारा जमाखर्च जगापुढे ठेवला. मूळ खेळाला ५५ आठवडे आणि ८ लाख ५२ हजार डॉलर लागले. उत्पन्न सुमारे ५८ लाख ६० हजार डॉलर झाले. सर्वांत बोलका आकडा मात्र वेगळाच होता. ॲपलच्या उपकरणांवर बसविलेल्या प्रतींपैकी ४० टक्के, तर अँड्रॉइडवरील प्रतींपैकी केवळ ५ टक्के पैसे देऊन घेतलेल्या होत्या. यांतील काही एकाच ग्राहकाच्या दोन-दोन उपकरणांवरच्या असतील. तरीही अंतर प्रचंड आहे. भारतातील बहुसंख्य मोबाईल अँड्रॉइडवर चालतात. तेव्हा पैसे घेऊन खेळ विकण्याचे स्वप्न पाहणाऱ्या भारतीय तरुणाला चिकाटीवरील दहा व्याख्यानांपेक्षा हा एक आकडा अधिक शिकवील.

खर्चाच्या बाजूकडे पाहताना आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. एकट्याने किंवा मित्रांनी मिळून केलेल्या खेळाला ‘खर्च जवळजवळ शून्य’ आला, असे व्याख्याता सांगतो, तेव्हा स्वतःच्या दोन वर्षांच्या श्रमाची किंमत त्याने धरलेली नसते. शेतमालाच्या उत्पादनखर्चात घरच्या माणसांची मजुरी आणि स्वतःच्या जमिनीचा खंड धरावा की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि ती धरली की फायद्याची शेती तोट्यात कशी जाते, हे शेतकऱ्यांच्या मुलांना पाठ आहे. तीच कसोटी संगणकापुढे बसून केलेल्या कामाला लावली पाहिजे.

ग्राहकाची शिकार

परिषदांतील सर्वच व्याख्याने कारागिरीविषयी नसतात. २०१६ साली हेलसिंकी येथे मोबाईल खेळांच्या एका परिषदेत एका फिनिश कंपनीच्या प्रमुखाने दिलेल्या व्याख्यानाचे नावच ‘चला देवमाशांच्या शिकारीला’ अशा अर्थाचे होते. देवमासा हा जुगारधंद्यातील शब्द. बेसुमार पैसा उधळणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो वापरतात. पहिली खरेदी नाममात्र किमतीची ठेवून गिऱ्हाइकाची भीड मोडावी, रुपये-डॉलरऐवजी खेळातील नाणी पुढे करून खर्चाची जाणीव बोथट करावी, मुदतीच्या सवलतींनी घाई उत्पन्न करावी, अशा युक्त्यांची त्यात उजळणी होती आणि नीतीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू, असेही व्याख्यात्याने सांगून टाकले होते. स्मिथने वर्णिलेला प्रसंग २४० वर्षांनी जसाच्या तसा घडत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रत्येक ग्राहकाकडून त्याच्या ऐपतीप्रमाणे किंमत घेणे, याला अर्थशास्त्रात मूल्यभेद म्हणतात आणि तो सदैव वाईटच असतो असे नाही; रेल्वेच्या वर्गवारीत तोच आहे. परंतु मूल्यभेदाच्या समर्थनामागे ग्राहक सज्ञान आहे आणि शुद्धीवर आहे, हे गृहीत धरलेले असते. ज्या युक्तीचा उद्देशच किंमत लपविणे हा आहे, तिला ते समर्थन लागू पडत नाही. लहान मुलांनी आईबापांच्या नकळत केलेल्या अशा खरेदीबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१४ साली ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत करावयास लावले. २०२२ साली ‘फोर्टनाइट’च्या निर्मात्या एपिक कंपनीला फसव्या रचनांबद्दल २४ कोटी ५० लाख डॉलर मोजावे लागले.

तथापि, हेलसिंकीच्या व्याख्यानाचे पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. ते चित्रित झालेले होते. २०१९ मध्ये ते सामान्य खेळाडूंच्या पाहण्यात आले, जगभर टीकेची झोड उठली आणि या युक्त्या आहेत काय व त्यांवर बंधने हवीत काय, या चर्चेला धंद्याच्या तोंडचाच पुरावा मिळाला. स्मिथच्या काळातील व्यापारी भोजनाच्या टेबलावर बोलत. त्याची नोंद कोणी ठेवीत नसे. व्याख्यान जाहीर असते, हेच त्याचे बळ आहे. म्हणून अशा व्याख्यात्यांची तोंडे बंद करण्याची मागणी शहाणपणाची नाही. ती व्याख्याने उघड्यावरच व्हावीत, त्यांची चित्रणे सर्वांना मोफत पाहता यावीत आणि ती ऐकणाऱ्यांत शिक्षक, पालक, कायदा करणारे यांचाही समावेश असावा, हेच हिताचे.

आपल्याकडील चित्र

भारतात या धंद्याचे खरे यश साध्या गोष्टीत सापडले. नवी मुंबईतील एका छोट्या कंपनीने २०१६ साली आणलेला ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला. मिळकत मुख्यतः जाहिरातींची. पुण्यातील एका चमूचा ‘राजी’ हा मूळचा मोबाईलचा नव्हे, पण त्याची कथा उद्बोधक आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न लक्ष्य गाठू शकला नाही, पुढे परदेशी अनुदानाचा आधार मिळाला आणि २०२० मध्ये खेळ पूर्ण होऊन नावाजला गेला. देशी पुरस्कर्ता वेळेवर मिळाला नाही, ही गोष्ट त्यातून नजरेत भरते.

मात्र भारतीय खेळ-उद्योगाच्या वाढीचे जे मोठमोठे आकडे व्यासपीठांवरून ऐकविले जात, त्यांत पैसे लावून खेळावयाच्या खेळांचा वाटा फार मोठा असे. ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांतील पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदाच करून त्यांवर बंदी घातली. बड्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले आणि तेथे काम करणाऱ्या अनेकांवर नवी नोकरी शोधण्याची पाळी आली. बंदीच्या युक्तायुक्ततेचा वाद येथे करावयाचा नाही. परंतु ‘खेळ-उद्योग वाढतो आहे’ या वाक्यात जुगारसदृश खेळ किती आणि कारागिरीचे खेळ किती, हे ज्यांनी विचारले नव्हते, त्या तरुणांची फसगत झाली, हे मान्य करावे लागेल. अडत्याच्या मक्तेदारीचा प्रश्नही आपल्याकडे पोहोचला आहे. ॲपमधील खरेदीसाठी स्वतःचीच वसुलीव्यवस्था सक्तीची केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात २०२५ मध्ये तो बराच घटला. व्यासपीठ पुरस्कृत करणाऱ्या कंपन्यांच्या परिषदेत या विषयावर किती मोकळेपणाने बोलता येईल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

श्रोत्यांचे तीन प्रश्न

नॅसकॉमने भरविलेली खेळनिर्मात्यांची परिषद काही वर्षे पुण्यात होत असे. पुढे ती हैदराबादकडे गेली. परदेशी परिषदेचे पूर्ण प्रवेशपत्र एके काळी दोन हजार डॉलरच्या घरात जात असे आणि प्रवासखर्च निराळा. जळगावच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला तेथे जाणे अशक्य आहे. सुदैवाने सान फ्रान्सिस्कोच्या परिषदेतील शेकडो व्याख्याने आता इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. तेव्हा अडचण व्याख्यानांच्या दुर्मिळतेची उरलेली नाही, ती पारख करून ऐकण्याची आहे.

त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, या मार्गाने गेलेले एकूण किती आणि त्यांतील पोहोचले किती? दुसरा, सांगितलेल्या खर्चात कर्त्याच्या स्वतःच्या वर्षांची मजुरी धरली आहे काय? तिसरा, पैसे नेमके कोणी दिले आणि ते समजून-उमजून दिले काय? ज्या व्याख्यानात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतील ते लहान तोंडचे असले तरी मोलाचे मानावे. ज्यात एकाचेही मिळणार नाही त्याला करमणुकीपलीकडे किंमत देऊ नये.

न्या. रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात व्याख्यान हे लोकशिक्षणाचे साधन मानले गेले आहे. ते साधन नव्या धंद्यांसाठी वापरावयास महाविद्यालयांना कोणाची परवानगी नको. दर वर्षी एक दिवस ठरवून परिसरातील माजी विद्यार्थ्यांना बोलवावे. ज्यांचा खेळ चालला त्यांच्याबरोबरच ज्यांनी दोन वर्षे खपून दुकान बंद केले त्यांनाही त्याच व्यासपीठावर, तितकाच वेळ, मराठीतून बोलू द्यावे. संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांच्या शेजारी वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी बसावे आणि फळ्यावर जमाखर्च मांडावा. विद्यापीठांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला काय साधले व काय फसले, असा दोन रकान्यांचा अहवाल जोडणे आवश्यक करावे आणि फसलेल्या प्रकल्पाच्या प्रामाणिक अहवालाला पुरेपूर गुण द्यावेत. आज विद्यार्थी गुण जातील या भीतीने फसलेला प्रयोग लपवितो. उद्या हाच विद्यार्थी व्यासपीठावर उभा राहिला तर लपविण्याचीच सवय घेऊन उभा राहील.

या धंद्यात कोणी जाऊ नये, असा याचा अर्थ नाही. नव्या बाजारात धाडस करणाऱ्यांवाचून कोणताही समाज पुढे जात नाही आणि मराठी तरुण धाडसात मागे पडतात, हे गाऱ्हाणेही जुनेच आहे. मात्र धाडस करावयाचे ते शंभरात किती बुडतात हे ठाऊक करून घेऊन करावे. ती संख्या सांगण्याची जबाबदारी जे आधी त्या वाटेने जाऊन आले त्यांची आहे, आणि ती विचारण्याचा हक्क समोर बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा आहे.